कॅरमच्या पावडरीतून उजेड: टॉर्च बंद केल्यावरही चमकणारी सेंद्रिय काच घरी किंवा कॉलेजात कशी करायची

कॅरमबोर्डावर भुरभुरवायची पावडर बहुतेक वेळा बोरिक ॲसिड असते. अशा दहा ग्रॅम पावडरीत डोळे तपासायच्या फ्लुरोसीन पट्टीचा रंग मुरवला, मिश्रण वितळवलं आणि पटकन गार केलं, की एक पिवळसर काच हाती येते. तिच्यावर टॉर्च मारून बंद केला तरी ती अंधारात काही सेकंद उजळत राहते. जोडी जुनीच आहे. अमेरिकेत बर्कलीला गिल्बर्ट लुईस, डेव्हिड लिप्किन आणि थिओडोर मॅगेल यांनी १९४१ मध्ये बोरिक ॲसिडच्या काचेतल्या फ्लुरोसीनचाच अभ्यास प्रसिद्ध केला होता. तीन वर्षांनी लुईस आणि मायकेल काशा यांनी हा रेंगाळणारा उजेड रेणूच्या ‘ट्रिप्लेट’ नावाच्या अडकलेल्या अवस्थेतून येतो, असं मांडलं.

इथे सेंद्रिय म्हणजे रासायनिक खताविना पिकवलेलं नव्हे, कार्बनचे रेणू. आपण ज्याला सरसकट ‘रेडियम’ म्हणतो त्या छतावरच्या चांदण्यांशीही याचा संबंध नाही. त्यात बहुधा स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट असतं, म्हणजे निखळ अकार्बनी भुकटी, आणि ती तासन्तास चमकते. (गाडीच्या नंबरप्लेटवरचं ‘रेडियम’ तर नुसता प्रकाश परतवतं, स्वतः चमकतच नाही.) अशा काचेतल्या सेंद्रिय रेणूंचा उजेड सेकंदांच्या हिशेबात मोजायचा.

रेणूला डांबून का ठेवायचं?

प्रकाश शोषला की रेणूतला एक इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतो. काही नॅनोसेकंदांत खाली उतरला तर तो फ्लुरोसन्स. धुण्याच्या पावडरीमुळे पांढरा शर्ट जांभळ्या दिव्याखाली चमकतो तो असा. पण काही रेणूंत इलेक्ट्रॉनची फिरकी पालटते आणि रेणू ट्रिप्लेट अवस्थेत अडकतो. खाली यायला फिरकी पुन्हा पालटावी लागते आणि ते सहज होत नाही, म्हणून उजेड मिलिसेकंदांपासून काही सेकंदांपर्यंत लांबतो. हा झाला फॉस्फोरेसन्स.

अडचण अशी, की एवढ्या वेळात ऊर्जा वाटेतच गळून जायला भरपूर संधी मिळते. रेणू वळवळतो आणि ऊर्जेची उष्णता होते. हवेतला ऑक्सिजन स्वतःच ट्रिप्लेट असतो, तो येऊन धडकला की खेळ संपतो. रेणूला आजूबाजूने धरून ठेवणारे हायड्रोजन बंध पाणी सैल करतं. शेजारी दुसरा रंगरेणू असला तर तो ऊर्जा पळवतो. द्रव नायट्रोजनच्या थंडीत हे सगळं गोठतं, म्हणून तिथे असंख्य रेणू फॉस्फोरेसन्स दाखवतात. साध्या तापमानाला तोच परिणाम हवा असेल, तर रेणू एकेकटा, घट्ट, कोरडा आणि हवेपासून लांब ठेवावा लागतो. पुढची प्रत्येक पायरी या चारपैकी कशासाठी तरी आहे, आणि प्रयोग फसला की यांतलं काय सुटलं तेच शोधायचं.

आधी दिवा

निम्मे प्रयोग दिव्यामुळे फसतात. बाजारात ‘यूव्ही टॉर्च’ म्हणून मिळतो तो पुष्कळदा ३९५ ते ४०५ नॅनोमीटरचा असतो, थोडा महाग असेल तर ३६५ चा. बोरिक ॲसिडच्या काचेत फ्लुरोसीन जांभळ्या-निळ्या प्रकाशापर्यंत शोषतं, म्हणून त्याला स्वस्त टॉर्चही पुरतो. ज्या रेणूंत एक-दोनच बेंझिनची कडी असतात, उदाहरणार्थ टेरेफ्थॅलिक ॲसिड किंवा बायफिनाइल, त्यांना मात्र २५४ नॅनोमीटरचा जंतुनाशक प्रकारचा दिवा लागतो. तो डोळे आणि कातडी भाजतो. पूर्ण बाह्या, हातमोजे आणि पॉलिकार्बोनेटचा चष्मा घातल्याशिवाय तो लावायचा नाही.

२५४ वाल्याची आणखी एक खोड म्हणजे साधी किंवा बोरोसिलिकेट काच तो प्रकाश अडवते. नमुना परीक्षानळीत किंवा झाकलेल्या पेट्री डिशमध्ये ठेवून बाहेरून दिवा मारला तर काहीच दिसणार नाही, आणि दोष बिचाऱ्या रसायनाला दिला जाईल. नमुना उघड्यावर ठेवा.

दिवा ट्यूबचा असेल तर बंद केल्यावर ट्यूबच क्षणभर मिणमिणते. तेव्हा दिवा बंद करण्यापेक्षा नमुना दिव्यापासून दूर सरकवा किंवा मध्ये काळा पुठ्ठा घाला. आणि डोळ्यांना अंधाराची पाच मिनिटं तरी सवय होऊ द्या.

बोरिक काच: साहित्य आणि पारख

बोरिक ॲसिड १० ग्रॅम, फ्लुरोसीन सोडियमची एक पट्टी (डोळ्यांच्या औषधांच्या दुकानात मिळते, साधारण १ मिलिग्रॅम रंग असतो, नेमकं प्रमाण पाकिटावर पाहा), डिस्टिल्ड पाणी, जाड ॲल्युमिनियम फॉइल, एक जुनी कढई आणि त्यात बसेल एवढी स्वच्छ वाळू, ३६० अंश सेल्सिअसपर्यंतचा थर्मामीटर, ०.१ ग्रॅम दाखवणारा वजनकाटा. कढई यापुढे स्वयंपाकाला वापरायची नाही. बोरिक ॲसिड प्रजननक्षमतेला घातक मानलं जातं, त्यामुळे भुकटी उडू देऊ नका, आणि घरात कुणी गरोदर असेल तर हा उद्योग कॉलेजच्या प्रयोगशाळेतच करा.

कॅरमची पावडर वापरणार असाल तर आधी पारखून घ्या. काही पुड्यांत स्टार्च असतो. चिमूटभर पावडर उकळत्या पाण्यात टाका. बोरिक ॲसिड स्वच्छ विरघळतं, स्टार्चची खळ होते, टाल्क तळाशी बसते. खळीवर बेटाडिनचा थेंब टाकला आणि काळं-निळं झालं तर स्टार्च नक्की. स्टार्च मिसळलेली पावडर टाकून द्या, कारण वितळवताना ती जळून तपकिरी होणार.

पावडर बरी निघाली तरी एकदा स्फटिकीकरण करून घेतलेलं चांगलं. ७० मिलिलिटर उकळत्या पाण्यात २० ग्रॅम विरघळवा, गरम असतानाच गाळा आणि झाकून गार होऊ द्या. २५ अंशांना साधारण ४ ग्रॅम पाण्यात राहतं, उरलेले १६ ग्रॅम चकचकीत पापुद्र्यांसारखे खाली बसतात. ते गाळून, थोड्या बर्फगार पाण्याने धुऊन वाळवा. कंटाळवाणं काम आहे, पण ते का करायचं ते कोऱ्या, म्हणजे रंग न घातलेल्या, नमुन्याच्या वेळी कळेल.

रंग मुरवणं

पट्टीचं रंगीत टोक ३ मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात बुडवून सगळा रंग उतरवा आणि कागद काढून टाका. कागदाचे धागे वितळीत गेले तर जळतात. हे पाणी १० ग्रॅम बोरिक ॲसिडवर थेंबथेंब टाकत घोटा आणि ओलसर भुकटी ८० ते ९० अंशांना कोरडी करा. सुक्या पावडरीत सुका रंग मिसळायच्या फंदात पडू नका. एक मिलिग्रॅम रंग दहा हजारपट पावडरीत चमच्याने कधीच सारखा पसरत नाही.

जास्त रंग घातला की जास्त उजेड, हा सगळ्यांचाच पहिला समज, आणि तो चुकीचा. प्रमाण वाढलं की रेणू एकमेकांच्या जवळ येतात, ऊर्जा एकाकडून दुसऱ्याकडे उड्या मारत एखाद्या निकामी जागी जाऊन विझते. दिव्याखाली झगझगीत पिवळी दिसणारी काच दिवा जाताच काळी पडली, तर रंग जास्त झालाय. ०.३, १ आणि ३ मिलिग्रॅम असे तीन नमुने एकाच वेळी करा. कुठला चांगला ते डोळ्यांनीच दिसेल.

वितळवणं

फॉइलच्या दोन-तीन घड्या करून लहान वाटी बनवा. टी-लाइट मेणबत्तीची रिकामी वाटी वापरायची तर मेणाचा कण राहता कामा नये. वाटी एक तृतीयांशच भरा, कारण मिश्रण दुधासारखं फसफसून वर येतं. रिकाम्या वाटीचं वजन आधीच टिपून ठेवा. परीक्षानळीत वितळवण्याचा मोह टाळा. बोरिक काच नळीच्या काचेला घट्ट चिकटते आणि गार होताना दोन्हींचं आकुंचन वेगवेगळं झाल्याने नळी तडकते.

वाटी वाळूत अर्धी रोवा आणि वाळूचं तापमान हळूहळू वाढवा. थर्मामीटर वाळूतच हवा. इन्फ्रारेड बंदूक चकचकीत ॲल्युमिनियमवर खोटं, कमी तापमान दाखवते. शंभरच्या पुढे वाफ निघू लागते, १७० च्या आसपास पावडर बसते, चिकट होते, बुडबुडे येतात. वाफेबरोबर थोडं बोरिक ॲसिडही उडतं, म्हणून धुराडं किंवा उघडी खिडकी हवी. वाळू २०० ते २२० अंशांवर स्थिर ठेवा आणि २० ते ३० मिनिटं द्या. २५० च्या वर नेऊ नका. रंग तपकिरी पडतो, आणि जळका कण उजेड देत तर नाहीच, शेजारच्यांचाही गिळतो.

झालं कधी म्हणायचं, हे वजन सांगतं. बोरिक ॲसिड पाणी सोडत आधी मेटाबोरिक ॲसिड होतं आणि त्यात २९ टक्के वजन घटतं, म्हणजे १० ग्रॅमचे ७.१ ग्रॅम. पुढे तापवत राहिलं तर बोरॉन ऑक्साइड होतं आणि ५.६ ग्रॅम उरतात. आपल्याला सातच्या आसपास थांबायचंय. आठाच्या वर असेल तर पाणी बरंच उरलंय: गार झाल्यावर काच पांढरी, भुसभुशीत होते आणि उजेड लगेच मालवतो. फार पुढे गेलं तर काच कडक पण अतिशय तडकणारी आणि हवेतली ओल ओढणारी होते, शिवाय तेवढ्या उष्णतेत रंग टिकलेला नसतो.

काटा नसेल तर पाकाची परीक्षा घ्या. काचेच्या कांडीने थेंब उचलला आणि साखरेच्या पाकासारखी लांब तार निघाली, बुडबुडे जवळजवळ थांबले, की उतरवायला हरकत नाही. भाजण्याच्या बाबतीतही हा पाकाचाच भाऊ आहे: कातडीला चिकटतो आणि निघत नाही. जाड हातमोजे घाला.

वाटी चिमट्याने उचलून थेट फरशीवर किंवा स्टीलच्या जाड पत्र्यावर ठेवा. पटकन गार झाली तर पारदर्शक काच मिळते. हळू गार केली तर स्फटिक होऊन पांढरी पडते. फॉइल सोलून काढा. तुकडे धारदार असतात.

आता टॉर्च दहा सेकंद मारा आणि बंद करा. मिनिटभर मारून उपयोग नाही. ट्रिप्लेटमध्ये जितके रेणू जायचे तितके काही सेकंदांत जाऊन समतोल होतो. हाच ‘रेडियम’पासून फरक ओळखायचा सोपा मार्ग: स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटला जास्त वेळ प्रकाश दिला की ते जास्त साठवतं, आपली काच साठवत नाही.

कोरा नमुना

रंग न घालता, बाकी सगळं तसंच करून एक वाटी जरूर बनवा. पुष्कळदा ती कोरी काचही निळसर चमकते. बोरिक ॲसिड असा कडेकोट पिंजरा आहे की धूळ, कागदाचा धागा, हाताचं तेल, काहीही सेंद्रिय त्यात अडकलं आणि तापून त्याचे कार्बनी तुकडे झाले की तेही उजेड देतात. स्फटिकीकरण यासाठी. कोरा नमुना नसेल तर आपल्या रंगाचा उजेड कोणता आणि मळाचा कोणता, हे सांगता येत नाही.

यात मोठमोठे लोकही फसलेत. कार्बाझोल या रेणूच्या स्फटिकांचा लांबणारा पिवळसर उजेड अनेक वर्षं कार्बाझोलचाच धरला जात होता. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या बिन लिऊ यांच्या गटाने कार्बाझोल स्वतः बनवून पाहिलं तर तो उजेड जवळजवळ नाहीसा झाला. बाटलीतल्या विकतच्या मालात त्याच वजनाचा एक जुळा रेणू अगदी थोड्या प्रमाणात होता आणि उजेड त्या जोडगोळीचा होता. हा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा बाटलीवर ‘९८ टक्के शुद्ध’ लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका, उरलेल्या दोन टक्क्यांत काय आहे तो खरा प्रश्न.

फ्लुरोसीनच्या काचेबाबत एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. साध्या तापमानाला तिचा सगळा उजेड अस्सल फॉस्फोरेसन्स नसतो. काही रेणू उष्णतेच्या धक्क्याने ट्रिप्लेटमधून पुन्हा वरच्या पायरीवर चढतात आणि तिथून उतरतात, त्याला विलंबित फ्लुरोसन्स म्हणतात. लुईस यांच्या गटाला हे दोन्ही प्रकार दिसले होते. पडताळून पाहायचं तर तुकडा घट्ट बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बर्फ-मिठाच्या मिश्रणात दहा मिनिटं ठेवा. गार झाल्यावर उजेड पिवळ्याकडे झुकतो आणि जास्त वेळ टिकतो, कारण वर चढायला लागणारी उष्णता कमी पडते. पिशवीत ओल शिरली तर मात्र काहीच कळणार नाही.

काच सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा. पावसाळ्यात कोकणात उघडी राहिली तर पाहता पाहता पृष्ठभाग पांढरा होतो. अशी काच पुन्हा वाळूत ठेवून १७० ते २०० अंशांना दहा मिनिटं तापवली की बऱ्यापैकी सुधारते.

दुसरी वाट: पीव्हीएची फिल्म

काच ठिसूळ, फिल्म लवचीक. पीव्हीए म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल. लाकडाला लावायचा पांढरा डिंकही पीव्हीएच म्हणवतो, पण तो पॉलिव्हिनाइल ॲसिटेट असतो आणि इथे उपयोगाचा नाही. आपल्याला हवेत साखळीवरचे हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या), एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून ठेवणारे. म्हणून बाटलीवर ९८-९९ टक्के हायड्रोलाइज्ड लिहिलेला माल घ्या. ८८ टक्केवाला सहज विरघळतो, पण पकड ढिली.

५ ग्रॅम पीव्हीए ९५ मिलिलिटर गार पाण्यात ढवळत ढवळत सोडा, मग ९० ते ९५ अंशांना तासभर ढवळा. गरम पाण्यात टाकलंत तर रव्यासारख्या गुठळ्या होतात आणि त्या मोडत नाहीत. ४-बायफिनाइलबोरॉनिक ॲसिड ५ मिलिग्रॅम, १ मिलिलिटर स्पिरिट आणि दोन थेंब अमोनिया असं एकत्र करा. कोमट पीव्हीए द्रावणाचे १० मिलिलिटर घेऊन त्यात हे थेंबथेंब, ढवळत मिसळा. एकदम ओतलं तर स्पिरिटमुळे पीव्हीए पांढऱ्या तंतूंसारखं बाहेर पडतं. बोरॉनचं टोक पीव्हीएच्या हायड्रॉक्सिलांशी बांधलं जातं, म्हणून हा रेणू नुसता अडकलेला नसतो, खुंटीला बांधलेला असतो.

९ सेंटिमीटरच्या प्लॅस्टिक पेट्री डिशमध्ये ओता, बुडबुडे सुईने फोडा आणि ५० अंशांना रात्रभर सुकू द्या. १० मिलिलिटरमध्ये अर्धा ग्रॅम पीव्हीए असतं, त्याची साधारण ०.०६ मिलिमीटर जाडीची फिल्म बनते. रंगरेणूचं प्रमाण एक टक्का झालं. पुढच्या खेपेला ०.३ आणि ०.१ टक्काही करून पाहा. फिल्म सोलून ८० अंशांना आणखी एक तास ठेवा आणि गार होताच तपासा. दिवा २५४ चा, उजेड निळा.

ताजी दिसणारी फिल्म चमकत नाही ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार, आणि उत्तर जवळजवळ नेहमी पाणी हेच असतं. हाताला कोरडी लागणारी पीव्हीएसुद्धा बरंच पाणी धरून असते. एरवी कोरडी पीव्हीए ऑक्सिजनला सहसा आत येऊ देत नाही. ओली झाली की बंधही सैल होतात आणि दारही उघडतं. याचा उपयोगही करता येतो. ब्रश पाण्यात बुडवून फिल्मवर अक्षर काढा, दिवा मारून बंद करा, अक्षर काळं दिसेल. फिल्म तापवली की ते पुसलं जातं.

पीव्हीएऐवजी ॲक्रिलिक म्हणजे पीएमएमए वापरलं तर वेगळीच गंमत दिसते. आधी काहीच चमकत नाही, मग दिव्याखाली काही काळ ठेवल्यावर उजेड सुरू होतो. प्रकाशामुळे आतला ऑक्सिजन रासायनिक क्रियेत खर्ची पडतो. ड्रेस्डेनच्या सेबास्टियन रायनेके यांच्या गटाने २०१९ मध्ये याच तत्त्वावर, वर ऑक्सिजन अडवणारा थर देऊन, प्रकाशाने लिहिता आणि पुसता येणारी पारदर्शक लेबलं करून दाखवली.

किती वेळ चमकलं, ते मोबाइलने मोजणं

‘दहा सेकंद चमकतं’ याला अर्थ नाही. अंधाराला सरावलेला डोळा फार क्षीण उजेडही टिपतो. मोजायचा तो आयुष्यकाळ, म्हणजे तेज सुरुवातीच्या ३७ टक्क्यांवर यायला लागणारा वेळ. अर्ध्या सेकंदाचा आयुष्यकाळ असलेल्या नमुन्यात अडीच सेकंदांनी एका टक्क्याहूनही कमी तेज उरतं, तरी डोळ्याला तो दिसू शकतो.

मोबाइल स्टँडवर ठेवा आणि प्रो मोडमध्ये आयएसओ, शटर १/३०, फोकस, व्हाइट बॅलन्स सगळं बांधून टाका. ऑटोवर राहिलं तर कॅमेरा अंधार पाहून स्वतःच तेज वाढवतो आणि नमुना अमर असल्यासारखा वाटतो. व्हिडिओच्या फ्रेममधले पिक्सेलच्या उजळपणाचे आकडे खऱ्या तेजाशी सरळ प्रमाणात नसतात, म्हणून आधी मोजपट्टी बनवा: एकाच लहान बल्बने पांढरा कागद ३०, ४२, ६० आणि ८५ सेंटिमीटरवरून उजळवा. प्रत्येक वेळी तेज निम्मं होतं. त्या चार फ्रेममधले आकडे टिपले की नमुन्याच्या फ्रेमना खरं तेज देता येतं. तेज निम्मं व्हायला लागलेल्या वेळाला ०.६९ ने भागलं की आयुष्यकाळ मिळतो: ०.३५ सेकंद म्हणजे साधारण ०.५.

तेजाचा लॉगॅरिदम वेळेसमोर मांडल्यावर सरळ रेष आली नाही तर रेणू दोन वेगवेगळ्या परिस्थितींत बसलेत: काही घट्ट, काही सैल किंवा ओल्या जागी. असा नमुना पुन्हा सुकवा आणि परत मोजा. रेष सरळ झाली तर पाण्याचा दोष होता. तशीच वाकडी राहिली तर रंग सारखा पसरलेला नाही किंवा मळ आहे, आणि पुन्हा कोऱ्या नमुन्याकडे वळावं लागतं.

भांडी गरम पाण्यात भिजवली की चिकटलेली बोरिक काच हळूहळू विरघळते. ते पाणी कुंडीत किंवा बागेत टाकू नका, एवढं बोरॉन झाडांना सोसत नाही. प्रयोगशाळेच्या टाकाऊ द्रावणांच्या बाटलीत ओता आणि बाटलीवर नाव लिहा.